गच्ची, वाळवण आणि मामाचा गाव

२०२५ च्या जुलैत प्रथम वर्ष कला शाखेच्या वर्गाला आम्ही एक जुनाच विषय दिला : ‘उन्हाळ्याची सुट्टी’. आम्ही दोघेही मराठी शिकवतो. महाविद्यालये वेगळी असली तरी घर एकच, त्यामुळे तपासायचे गठ्ठे नेरूळच्या आमच्या घरात एकाच जेवणाच्या टेबलावर येऊन पडतात, आणि त्यांतले बरे-वाईट उतारे एकमेकांना वाचून दाखवण्याची सवय जडली आहे. या वेळी वाचून दाखवण्यासारखे फारसे काही निघेना. चाळीसएक निबंधांपैकी तीसांत तरी मामाचा गाव होता. गावाला विहीर होती, विहिरीत सूर मारणारी मुले होती, आमराई होती, बैलगाडी होती, आणि चुलीवरच्या भाकरीला अर्थातच वेगळीच चव होती. लिहिणारी मुले जुईनगर, तुर्भे, कोपरखैरणे, नेरूळ येथे वाढलेली. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारले, “विहिरीत कोणकोण पोहले आहे?” दोन हात वर आले. “मग बाकीच्यांनी हे आणले कोठून?” मागच्या बाकावरून प्रामाणिक उत्तर आले, “दहावीच्या गाईडातून.”

वर्ग हसला, आपणही हसलो. परंतु तास संपल्यावर एक मुलगी थांबली. तिच्या निबंधातही नदी होती, आमराई होती. ती म्हणाली, “मॅडम, मला खरंच मामाचा गाव होता. आता तो विमानतळात गेला.” नवी मुंबईच्या विमानतळासाठी जी दहा गावे उठली, त्यांपैकी एक. मग तू तेच का लिहिले नाहीस, असे विचारल्यावर तिने जो प्रश्न केला तो आमच्या मनातून अजून गेलेला नाही. “ते निबंधात कसं लिहायचं? विषय तर सुट्टीचा होता ना?”

अठरा वर्षांच्या मुलीने तिच्याकडे असलेला खरा उन्हाळा बाजूला ठेवून गाईडातला उन्हाळा उतरवून द्यावा, आणि तोच अधिक ‘मराठी’ आहे अशी तिची खात्री असावी, याचा दोष त्या गाईडावर टाकून मोकळे होणे सोपे आहे. आम्हाला तसे करता येत नाही. उन्हाळा म्हटला की कोणत्या गोष्टी साहित्यात शोभतात आणि कोणत्या शोभत नाहीत, हे तिला कोणीतरी बारा वर्षे शिकवले आहे, आणि त्या शिकवणाऱ्यांच्या जातकुळीतलेच आम्ही आहोत.

मराठीतला उन्हाळा म्हणजे प्रामुख्याने जाण्याचा उन्हाळा. आगीनगाडीत बसवून मुलांना मामाकडे नेणारे गदिमांचे गाणे आज नातवंडे असलेल्यांनाही पाठ आहे. मुंबईचा चाकरमानी मे महिन्यात कोकणात उतरतो आणि मृगाच्या आधी परततो, हे तर कितीतरी कथा-कादंबऱ्यांचे नेपथ्य. मात्र एक गोष्ट वर्गात सांगायची आपण विसरतो. मामाचा गाव गाडीत बसून गाठावा लागतो, कारण पाहणारे मूल शहरात राहते. गावातच राहणाऱ्या मुलाला उन्हाळ्यात ना प्रवास असतो ना सुट्टी. त्याला गुरे असतात, पाण्याच्या खेपा असतात. तेव्हा हा रम्य गाव म्हणजे गिरण्या, कचेऱ्या आणि चाळी यांच्या खोलीतून दिसलेला गाव आहे, एका अर्थी तो मुंबईनेच लावलेला शोध आहे. त्यात खोटे काही नाही. शहरातल्या माणसाला वर्षाकाठी महिनाभर मोकळे अंगण मिळत होते, त्याचा आनंद खराच होता. पण तो एका विशिष्ट पिढीचा आणि एका विशिष्ट व्यवस्थेचा आनंद होता. आपण त्यालाच ‘उन्हाळा’ या शब्दाचा अर्थ करून ठेवले.

याउलट, दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ आठवावे. १९५६ साली आलेल्या या पुस्तकातही उन्हाळ्याचे महिने आहेत. पण ते पाहण्यासाठी बाईंना कोणाच्या गावी जायची अट नव्हती. झाड कोणत्या आठवड्यात काय करते याकडे त्यांचे लक्ष होते. आम्ही विद्यार्थ्यांना हे पुस्तक गौरवाने सांगतो आणि निबंध मात्र गदिमांच्या गाडीतला मागतो.

आता घरातल्या उन्हाळ्याविषयी. येथे आमच्या दोघांच्या आठवणी जुळत नाहीत हे कबूल केले पाहिजे. आमच्यापैकी एकाचे बालपण तासगावचे. त्याच्या आठवणीतला मे महिना असा : माडीवर जुन्या लुगड्यांवर कुरडया पसरल्या आहेत, हातात काठी घेऊन कावळे हाकलायचे काम आहे, आणि त्या कामाची मजुरी म्हणून सकाळी वाटीभर गरम चीक, दूध-साखर घालून. दुसरीचे बालपण पेणचे. पेण पोह्याच्या पापडांसाठी प्रसिद्ध. तिच्या आठवणीत पहाटे चारचा अंधार आहे, तेलाचा हात लावून कुटायचा पिठाचा गोळा आहे, आईचे मिरचीने चुरचुरणारे तळवे आहेत. दहाव्या वर्षी तिला पोळपाट मिळाला. तिच्याहून दोन वर्षांनी मोठ्या भावाला मिळाली काठी. पहिली लाटी तेलात बुडवून त्याच्या हातावर ठेवली जाई, कारण तो ‘राखण’ करत होता. एकाच उन्हाळ्यात मुलग्यांची सुट्टी आणि मुलींची उमेदवारी शेजारी-शेजारी चालत असे.

या विषयावर आमचे आजवर निदान पाच-सहा वेळा वाजले आहे. “पण मजा यायची,” असे एकाने म्हणायचे आणि “तुला यायची,” असे दुसरीने. गंमत अशी की दुसरीलाही मजा यायचीच. आळीतल्या सातआठ जणी वर्तुळ करून बसत, आज एकीचे पापड तर उद्या दुसरीचे, आणि लाटण्याच्या तालावर जी बोलणी होत ती घरात पुरुष असताना कधी होत नसत. कष्ट होते म्हणून आनंद खोटा ठरत नाही. पण या आनंदाला ‘साधा’ म्हणणे आम्हाला आता जमत नाही. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचे, वाटून चीक काढायचा, निवळू द्यायचा, वरचे पाणी टाकायचे, मोठ्या पातेल्यात चाटूने न थांबता घोटायचा आणि ऊन चढायच्या आत सोऱ्यातून पिळून मोकळे व्हायचे. ज्याला साधे म्हणायचे त्याची ही पूर्वतयारी. आपल्या ललित गद्यात तळलेली कुरडई पुष्कळ वेळा येते. भिजवलेला गहू मात्र तितक्या वेळा दिसत नाही.

या संदर्भात एक योगायोग आम्हाला नेहमी बोलका वाटतो. नवी मुंबई वसवण्यासाठी सिडकोची स्थापना झाली ती १७ मार्च १९७० रोजी, आणि कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ आले तेही १९७० मध्येच. एका बाजूला आजोळापासून तुटलेल्या कुटुंबांसाठी नवे शहर आखले जात होते, दुसऱ्या बाजूला सासू-आजी हाताशी नसलेल्या गृहिणीसाठी वाटी-चमच्याच्या मापात स्वयंपाक लिहिला जात होता. पुढे जी कुटुंबे वाशीत, नेरुळात, बेलापुरात राहायला आली, त्यांच्या फडताळात ‘रुचिरा’ची तेलकट डागांची प्रत असणे ही जवळजवळ ठरलेली गोष्ट. आमच्या घरातली प्रत सासूबाईंची आहे.

मग या शहरातला उन्हाळा कसा असतो? गाईडातली मुले तो लिहीत नाहीत, म्हणून आम्हीच थोडा लिहून पाहतो.

तो वासाने सुरू होतो. मुंबईचा घाऊक फळबाजार १९९६ मध्ये क्रॉफर्ड मार्केटमधून येथे आला, आणि तेव्हापासून मार्च उजाडला की तुर्भ्याजवळून जाताना बसच्या खिडकीत हापूसचा आणि पेंढ्याचा मिश्र वास येतो. रत्नागिरीला ज्या आंब्याचे झाड असते, त्याची गर्दी येथे असते. पेटी कोणाची, रत्नागिरीची की देवगडची, की कर्नाटकातला आंबा कोकणच्या नावाने आलेला, यावर सोसायटीच्या फाटकाशी चालणारी चर्चा कोणत्याही साहित्य संमेलनातल्या परिसंवादाहून अधिक जाणकारीने होते. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याने चर्चेला नवे मुद्दे पुरवले इतकेच. पेटी घरी आली की पलंगाखाली पेंढा पसरायचा, आंबे एकमेकांना न टेकवता मांडायचे, आणि रोज संध्याकाळी ओणवे होऊन वास घेत पिकलेले निवडायचे. हे काम आमच्या घरी धाकट्याकडे आहे. त्याला आमराई ठाऊक नाही, पण देठाशी बोट लावून ‘उद्याचा’ आंबा कोणता हे तो अचूक सांगतो.

सकाळी अकराच्या आत नेरूळ स्टेशनाबाहेर करवंदे आणि जांभळे घेऊन बाया बसतात, पानांच्या द्रोणात माप. डोंगराकडच्या पाड्यांतून आलेल्या या बाया पहाटे निघालेल्या असतात. कधी राते, कधी रानातली आणखी काही फळे, ज्यांची नावे आम्हाला विचारून घ्यावी लागतात. ताडगोळे सोलणाऱ्याचा कोयता, अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या वेण्या खांद्यावर टाकून दारोदार फिरणारा माणूस, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि पन्हे, माठात वाळ्याची जुडी. यांतले काहीही पुस्तकातून आणावे लागत नाही, सगळे सेक्टरमध्येच आहे. दुपारी पडदे ओढून पत्ते, आणि त्यात हरलेल्याने सरबत करायचे. संध्याकाळी मोठ्या तलावाकाठी फेरी, परतताना बर्फाचा गोळा, घसा धरला की आजीची बोलणी. रात्री वीज गेली तर जिन्यात येऊन बसलेली सारी मजल्यांची मुले.

आणि मामा? आमच्या मुलांचा मामा खारघरला राहतो. नेरूळहून गाडीत बसले की सीवूड्स, बेलापूर आणि तिसरे स्टेशन खारघर. गदिमांच्या आगीनगाडीला जेवढा वेळ झाडे पळताना दाखवायला लागत असेल, तेवढ्यात मामाचे घर येऊन जाते. तरीही मुले सुट्टीत चार दिवस तेथे राहायला जातात, पिशवी भरतात, आजी दारात मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढते, मामी “किती वाळलात रे” म्हणते. अंतर उरलेले नाही, विधी मात्र शाबूत आहे, आणि मुलांना त्यात कमी पडल्याचे कधी जाणवले नाही. ते जाणवते ते आम्हाला.

एक गोष्ट मात्र खरोखरच गेली आहे, आणि तिच्याविषयी कोणी हळहळत नाही म्हणून नोंदवतो. आमच्या लहानपणी सुट्टी दोन इयत्तांच्या मध्ये असे. निकाल लागला की चौथी संपलेली असे आणि पाचवी सुरू झालेली नसे, त्या सहा आठवड्यांत मूल कोणत्याच इयत्तेचे नसे. आता केंद्रीय अभ्यासक्रमाच्या बहुतेक शाळा एप्रिलमध्येच पुढचा वर्ग सुरू करतात. मूल मे महिन्यात सुट्टीवर जाते ते सहावीचा गृहपाठ घेऊन. आम्हा शिक्षकांचेही तेच. उन्हाळा म्हणजे पेपर-तपासणी, हे घरात सर्वांनी गृहीत धरले आहे.

येथवर सारे गोडच चालले आहे, म्हणून आता आमची स्वतःची एक लाजिरवाणी हकिकत सांगतो. २०२३ च्या फेब्रुवारीत आमच्या सोसायटीच्या फलकावर एक सूचना लागली. गच्ची ही सर्व सभासदांची सामायिक मालमत्ता असून तेथे कपडे, धान्य, पापड वगैरे पदार्थ वाळत घालण्यास मनाई आहे, कुलपाची किल्ली कार्यालयात राहील. कारणे सांगितली गेली ती सर्व वाजवी होती. नुकतेच गळतीचे काम केलेले, कावळे टाक्यांवर बसतात, एका सभासदाला मिरच्यांच्या खाटेचा त्रास होतो. त्या सूचनेखाली सचिव म्हणून आमच्यापैकी एकाची सही आहे. त्याच आठवड्यात त्याच माणसाने वर्गात लोकसंस्कृती आणि वाळवणाची गाणी यांवर तास घेतला होता, आणि तास चांगला झाला होता.

घरात यावर जे बोलणे झाले ते येथे देत नाही. पण त्यानंतर आम्ही या शहराचा इतिहास नव्याने वाचू लागलो. मुंबईच्या पलीकडे जुळे शहर उभारावे ही कल्पना १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकातून मांडणाऱ्या तिघांपैकी एक चार्ल्स कोरिया. दुसरे दोघे शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता. कोरिया सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात सिडकोचे मुख्य वास्तुरचनाकार होते. त्यांचा एक आग्रह होता, आणि १९८५ च्या ‘द न्यू लँडस्केप’ या पुस्तकात तो सविस्तर आला आहे. आपल्यासारख्या उष्ण हवामानात उघड्या आकाशाखालची जागा हीसुद्धा घराची एक खोलीच असते, वर्षाचा बराच काळ माणसे तेथे झोपतात, शिजवतात, मुलांना खेळवतात. तेव्हा गरिबाच्या घराचा हिशेब करताना ती जागा मोजलीच पाहिजे. बेलापूरच्या सेक्टर ८ मधील आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये त्यांनी ते बांधून दाखवले : सात-सात घरांचे पुंजके, मध्ये सामायिक अंगण, आणि प्रत्येक घराला वाढायला मोकळीक. आज तेथे फिरताना बरीच मूळ घरे पाडून उभ्या राहिलेल्या दोन-तीन मजली इमारती दिसतात, पण सामायिक अंगणे पुष्कळ ठिकाणी टिकून आहेत, आणि आम्ही एप्रिलमध्ये गेलो तेव्हा त्यांतल्या एकात साबुदाण्याच्या चिकवड्या वाळत होत्या. ज्या शहराच्या आखणीत अंगणाला खोलीचा मान होता, त्याच शहरात आम्ही एका खोलीला कुलूप लावले होते.

गच्चीला कुलूप असते तर काय झाले असते याचे एक उदाहरण मुंबईच्या जवळच्या इतिहासात आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात गृहिणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन आपल्या इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला घेतले. त्यातून ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ उभा राहिला. त्या इमारतीच्या फलकावर आमच्यासारख्या कोणा मराठीच्या प्राध्यापकाची सही नव्हती हे देशाचे नशीब म्हणावे.

अर्थात उघडे आकाश हे नेहमीच कृपाळू असते असेही नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी, म्हणजे आमची सूचना लागल्यानंतर दोनच महिन्यांनी, खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला आलेले श्रोते तासन्‌तास उन्हात बसले आणि अधिकृत आकड्यानुसार त्यांतले १४ जण उष्माघाताने गेले. मामाच्या घरापासून ते मैदान दूर नाही. त्या दिवशी मुले तेथेच होती, पडदे ओढून पत्ते खेळत. उन्हाळ्यावर ललित लिहिताना हात थोडा आखडतो तो तेव्हापासून. स्टेशनाबाहेर करवंदे विकणाऱ्या बाईच्या डोक्यावर छत्री असते का, हे पाहायची सवय लागली तीही तेव्हापासून. बहुधा नसते.

सूचना मागे घ्यायला एक वर्ष लागले. २०२४ च्या मे महिन्यात दोन रविवार गच्ची उघडायची, प्लॅस्टिक अंथरायचे, चार वाजता झाडून द्यायची, अशा अटींवर सभेने मान्यता दिली. पहिल्या रविवारी पाच घरे आली. तिसऱ्या मजल्यावरच्या तमिळ मामींनी तांदळाचे वडाम घातले, आणि त्यांचा साचा व आमचा सोऱ्या शेजारी ठेवल्यावर दोन्ही एकाच सुताराने केल्यासारखे दिसले. सोलापूरच्या काकूंनी बटाट्याचा कीस आणला. काठी या वेळी मुलीच्या हातात होती, आणि तासगावकराने पहाटे उठून चीक घोटला. पहिल्या पातेल्याला गुठळ्या झाल्या. “आता लिही मजा यायची म्हणून,” असे पेणकरीण म्हणाली, तेव्हा त्याच्या खांद्यात इतकी कळ होती की प्रतिवाद सुचला नाही.

आमच्या या उन्हाळ्याला आणखी एक बाजू आहे, आणि ती त्या विद्यार्थिनीने दाखवली. आम्ही, बाहेरून येऊन वसलेले लोक, या शहराला गाव नाही असे समजून चालतो. गाव होतीच. हे शहर ९५ गावांच्या जमिनीवर उभे आहे, आणि ती जमीन कशी घेतली गेली, १९८४ च्या जानेवारीत उरण परिसरात शेतकऱ्यांवर गोळीबार होऊन पाच जण कसे मारले गेले, दि. बा. पाटलांनी तो लढा कसा चालवला, हे या भूमीच्या उन्हाळ्या-पावसाळ्यापासून वेगळे काढता येत नाही. आगरी-कोळी घरांचा मे महिना आमच्या कुरडयांच्या कितीतरी आधीपासून येथे होता. मिठागरांत मीठ पिकायचे दिवस तेच. पाऊस पडायच्या आत ते उचलायचे. मसाला कुटायचा, जवळा, बोंबील, वाकट्या वाळवून भरून ठेवायच्या, लाकूडफाटा आत घ्यायचा. आम्ही ज्याला सुट्टीतले पदार्थ म्हणतो, ते येथे चार महिन्यांच्या पावसाची बेगमी असे, कारण त्या चार महिन्यांत होडी बाहेर निघणार नसे.

आम्ही तिला निबंध पुन्हा लिहायला सांगितले. सक्ती केली नाही, गुणांचे आमिषही दाखवले नाही. ऑक्टोबरच्या ८ तारखेला विमानतळाचे उद्घाटन झाले, त्यानंतरच्या दिवाळीच्या सुट्टीत तिने तीन पाने लिहून आणली. मामाचा गाव सुटला तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची होती. त्या शेवटच्या मे महिन्यात घराची कौले उतरवून ठेवली होती म्हणून सगळी मुले पहिल्यांदाच आकाशाखाली झोपली, आणि त्यांना ती सर्वांत छान सुट्टी वाटली. मोठी माणसे का बोलत नाहीत हे कळत नव्हते. मामी अंगणातला पाटा काढून नेताना रडली, पण पाटा नेला. आता मामाचे पुनर्वसनाच्या भूखंडावर तीन मजली घर आहे. खालचे दोन मजले भाड्याने दिले आहेत. मामी गच्चीवर जवळा वाळवते. भाडेकरू वासाची तक्रार करतात, तेव्हा मामी म्हणते, “घर माझं हाय.”

वाचून आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. मग लक्षात आले की पहिल्या पानावर, वाचता-वाचता सवयीने, एका शब्दाखाली लाल रेघ ओढली गेली आहे आणि समासात प्रश्नचिन्ह आहे. वाक्य होते, ‘मामी आगोटीची तयारी करत होती.’ आगोट म्हणजे पावसाच्या तोंडाशी करायची बेगमी, आणि तो काळही. कोकणात सर्वत्र चालणारा हा शब्द पेणच्या माहेरी रोज कानांवर पडलेला, आणि रेघ ओढणारा हात पेणचाच होता.

वही परत देताना आम्ही ती रेघ खोडून दिली. मुलीने पाहिले आणि विचारले, “मॅडम, म्हणजे हा शब्द चालेल?”